अकरा आधी, मग दहा

सर गेले त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायला बसते आणि पहिल्याच ओळीत अडते. सरांना नावं आवडत नसत, स्वतःचंही नाही. तेव्हा इथे ते 'सर'च राहतील. त्यांना हेच बरं वाटलं असतं असं मानून पुढे जाते.

नवीन पनवेलला एका औद्योगिक गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं चालवणारे नियंत्रक आम्ही बनवायचो. लोखंडी पेटीत एक छोटा संगणक आणि त्याला जोडलेलं रिलेंचं कार्ड. रिले म्हणजे संगणकाच्या हुकमावरून मोटर चालू किंवा बंद करणारी कळ. गिऱ्हाइकं त्या पेटीला 'डबा' म्हणत, म्हणून आम्हीही डबाच म्हणायचो. डिप्लोमा झाल्यावर मी तिथे कामाला लागले. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं नाही. मी बसले होते त्या टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, "तू चार."

मला वाटलं, चार वाजता या म्हणतात. मी चार वाजता गेले, तर म्हणाले, "काय गं चार, काय हवंय?"

त्या गाळ्यात सगळ्याला आकडा होता. कपांना, किल्ल्यांना, स्क्रू-ड्रायव्हरांना, खिडक्यांना. मालक, म्हणजे आमचे शेठ, एक. सर स्वतः सात, कारण सातवं टेबल त्यांचं. कोणी नोकरी सोडून गेलं की त्याचा आकडा दुसऱ्याला मिळत नसे. दोन नंबरचं टेबल मी लागले त्याच्या कितीतरी आधीपासून रिकामं होतं, आणि जागेची टंचाई असतानाही सर तिथे कोणाला बसू देत नसत. शेठ वैतागून म्हणायचे, "सर, दोन दुबईला सेटल झाला. तो काय परत येतोय?"

"येऊ दे नाहीतर न येऊ दे. दोन म्हणून हाक मारली आणि भलत्याच माणसाने ओ दिली तर? आकड्याचा विश्वास गेला म्हणजे संपलं."

हे वेड वाटे, पण त्याला मूळ होतं. आमच्या पहिल्या डब्यांवर इंग्रजी नावं छापलेली असत, आणि ती वाचणारं कारखान्यात कोणी नसे. खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यांत कोळी आणि आगरी माणसं, बिहारहून आलेले मजूर, एखादा केरळी मिस्त्री. एकाच पंपाची पाच नावं. आकडे मात्र सगळ्यांना वाचता येत. म्हणून सरांनी नावं खरवडून काढली आणि लाल रंगाने मोठे आकडे रंगवले. अकरा म्हणजे पाण्याचा पंप. दहा म्हणजे अमोनियाचा कॉम्प्रेसर. बर्फ करताना हा अमोनिया दाबला की तापतो, आणि त्याला थंड करायला पाणी लागतं. पाणी नसताना कॉम्प्रेसर चालला तर दाब चढत जातो आणि कुठेतरी फुटतं. तेव्हा कारखान्यात एकच नियम: अकरा आधी, मग दहा. मी पाहिलेल्या प्रत्येक कारखान्यात माणसं हे पाढ्यासारखं म्हणत.

आता संगणकाविषयी थोडं सांगावं लागेल, कारण सरांचं आयुष्य तिथेच गेलं. संगणकात सगळ्यांत खाली, यंत्राला अगदी लागून जो प्रोग्राम चालतो त्याला कर्नल म्हणतात. आम्ही वापरायचो तो कर्नल कोणा एका कंपनीचा नव्हता. जगभरची माणसं तो मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. दोन हजार सालानंतर लवकरच कधीतरी सरांनी त्यात एक छोटासा भाग लिहून पाठवला. कल्पना पोरासोरांना कळेल अशी होती. संगणकाच्या प्रत्येक तारेला एक आकडा आणि प्रत्येक आकड्याची एक फाईल. फाईलमध्ये 'एक' लिहिलं की रिले लागते, 'शून्य' लिहिलं की सुटते. सहाशेच्या आसपास ओळी. त्या स्वीकारल्या गेल्या. फाईलच्या डोक्यावर सरांचं नाव आणि खाली 'पनवेल' असं लिहिलेलं होतं. जगात कुठेही तो कर्नल उतरवला की पनवेल हा शब्द आपोआप त्याबरोबर जाई. सर हे कोणाला सांगत नसत. मला शेठनी सांगितलं.

सर जेवायचेही उभ्याने, कामाच्या टेबलाशी, एका हाताने डबा धरून. चाकांच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. "बसायची जागा हलता कामा नये," म्हणायचे. त्यांचा कान फार तिखट होता. सोळा रिले ओळीने वाजवल्या तर पाठ करून उभे राहून सांगत, "ही तीन. ही नऊ. हिचा पाय सैल आहे, बदल." जिच्यावर मोठी मोटर तिचा आवाज जाड, लहान मोटरीचा बारीक. मला सगळे सारखेच वाटत. सर म्हणायचे, "तुला पुस्तकं वाचायची सवय. कान वापरलेलाच नाहीस."

पुस्तकांच्या सवयीमुळेच मी त्यांच्या दुसऱ्या एका कामाला लागले. कर्नल लिहिणारी मंडळी सगळा व्यवहार इंग्रजी मेलवर करतात. सरांना इंग्रजी वाचता चांगलं येई, पण लिहायला बसले की हात थांबे. ते आधी वहीत मराठीत लिहीत, मग मी त्याचं इंग्रजी करायची. सरांचं मराठी रोखठोक असे. 'हे सुचवणाऱ्याने आयुष्यात एकदाही पंप पाहिलेला नाही,' असं त्यांनी लिहिलं तर मी लिहायची, 'प्रत्यक्ष यंत्राच्या बाजूनेही विचार व्हावा असं मला नम्रपणे वाटतं.' असं तीन-चार वर्षं चाललं. एकदा सरांनी मी पाठवलेली मेल नीट वाचली.

"चार, हा कोण माणूस आहे?"

"कोण, सर?"

"हाच. माझ्या नावाने लिहितो तो. फारच सज्जन दिसतो."

मी खाली मान घातली. सर थोडा वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "असू दे. माझ्यापेक्षा त्याचं ऐकतात." आणि हसले. सर मोठ्याने हसल्याची मला ही एकच आठवण आहे.

मेल कसली असायची ते आता सांगते. सरांच्या त्या आकड्यांच्या रचनेच्या जागी कर्नलमध्ये नवी रचना आली होती. त्या विभागाची देखभाल करणारा एक गृहस्थ होता, कुठल्यातरी थंड देशातला, फार सभ्य. त्याचं म्हणणं असं की आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तारांना नावं असावीत. शिवाय ज्या प्रोग्रामला तार हवी त्याने ती हातात धरावी आणि प्रोग्राम संपला की तार आपोआप सुटावी. जुनी रचना निवृत्त करू या, असं त्याने लिहिलं. त्या लोकांची एक रीत आहे. जुनं काही काढायचं तर आधी जाहीर विचारतात, हे अजून कोणी वापरतं का? बराच काळ कोणी ओ दिली नाही तर काढतात. एकानेही सांगितलं की माझं चालतं काम मोडेल, तर थांबतात.

दरवेळी सर ओ देत. वर्षांमागून वर्षं.

"मेलवर विचारतात, कोणी वापरतं का," सर मला म्हणायचे. "जो पंप चालवतो तो मेल वाचत नाही. आणि ज्याचं नीट चाललंय तो कोणालाच काही लिहीत नाही. गप्प बसलेल्या माणसाला हे लोक नसलेला माणूस समजतात."

सर स्वतः मात्र विचारत. डब्यात काहीही बदलायचं असलं की प्रत्येक गिऱ्हाइकाला एक जोडकार्ड जाई. पोस्टात तेव्हा ते सहज मिळे. अर्ध्यावर सरांचा मजकूर, 'आम्ही अमुक बदलणार आहोत, तुमचं काही अडेल का?', आणि उरलेलं अर्धं उत्तरासाठी कोरं, पत्ता घालून. उत्तर आल्याशिवाय बदल होत नसे. शेठ कपाळाला हात लावायचे. "सर, आपले बॉक्स किती? सोळा. सोळा बॉक्ससाठी तुम्ही होल वर्ल्डशी भांडताय."

"सतरा. कोन गावचा धरला नाहीत."

नव्या रचनेवर सरांचा मुख्य आक्षेप एकच होता. हातात धरलेली वस्तू माणूस पडला की पडते, खाली ठेवलेली जागच्या जागी राहते. जुन्या रचनेत पंप एकदा चालू केला की प्रोग्राम मेला तरी पंप चालत राही. नव्या रचनेत प्रोग्राम मेला की पंपही थांबणार. याचा पुरावा म्हणून सर हिराजीचा दाखला देत.

हिराजी उरणच्या बाजूचा, खाडीकाठच्या एका बर्फाच्या कारखान्याचा चालक. कोळी. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा. आमचा सगळ्यांत जुना डबा त्याच्याकडे होता. एका उन्हाळ्यात त्या डब्यातला प्रोग्राम बंद पडला. दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता, कारण अकरा आणि दहा होते तसे चालत राहिले आणि बर्फाच्या लाद्या निघत राहिल्या. सर गेले ते वार्षिक तपासणीला, तेव्हा कळलं. मीही बरोबर होते. आम्हाला पाहून हिराजी दारातूनच ओरडला, "या सर! आज काय बिगडवाला आलाव?"

"तुझा डबा मेलाय, हिराजी."

"मेला? मंग ह्या लाद्या काय मी फुकून केल्या?"

"तेच सांगतोय. मेला तरी चालतोय."

"मंग तुमी कश्याला आलाव? चालताय त चालू द्या. हात नका लावू." मग माझ्याकडे वळून, "काय गो बाय, हे सर घरी पन असंच करतात? जेवन चांगला झाला तरी उघडून बगतात?"

सरांना हिराजी आवडत असे. येताना ते म्हणाले, "बघ चार. याच्यासाठी ते काढू द्यायचं नाही. याला मेल पाठवता येत नाही, म्हणून आपण पाठवायची."

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या डब्यात बसायचा तो छोटा संगणक बाजारात मिळेनासा झाला. शेठनी नवे बोर्ड आणले. त्यांच्यावर नवा कर्नल होता. सरांची रचना त्यात 'जुनी, वापरू नये' असा शेरा लागून का होईना, पण शाबूत होती. मी आमचा प्रोग्राम त्यावर चढवला आणि टेबलावर सोळाही रिले वाजवून पाहिल्या. आकडे बरोबर होते. पहिला नवा डबा हिराजीकडे बसवायचं ठरलं.

हिराजीच्या डब्यात एक गोष्ट निराळी होती. तापमान मोजणारं एक जादा कार्ड. ते त्याच्या मालकाने मागून बसवून घेतलं होतं, आमच्या टेबलावर तसं कार्ड नव्हतं. मी सरांना विचारलं होतं, "सर, तिथे मोटरी चालवून बघू या का? जादा कार्ड आहे."

"मोटरी कशाला? अकरा म्हणजे अकरा. त्यात बघायचं काय?"

हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. डबा मी बसवला होता. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

हिराजीकडे डबा बसवला त्या दुपारी मोटरींची वीज तोडून आम्ही फक्त रिले वाजवल्या. पडद्यावर अकरा उजळला, रिले वाजली. सरांनी मान तिरकी केली.

"आवाज जाड आला."

मी पडद्याकडे बोट केलं. अकराच होता. सरांनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवी रिले आहे. असेल."

चहा पिऊन आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर करंजाडेपर्यंत पोहोचलो नव्हतो तोच फोन आला.

काय झालं ते आम्ही नंतर जुळवलं. कर्नल सुरू होताना जे कार्ड आधी जागं होतं त्याला आधीचे आकडे मिळतात. सरांनी ती रचना लिहिली तेव्हा कार्ड एकच असे, त्यामुळे हा प्रश्न आला नव्हता. जुन्या कर्नलमध्ये जादा कार्ड शेवटी जागं व्हायचं. नव्यात ते पहिलं झालं, त्याने एक आकडा घेतला आणि बाकीचे सगळे एकेक घर सरकले. डब्याने अकराला हुकूम दिला, तो दहाच्या तारेवर गेला. कॉम्प्रेसर लागला. दोन मिनिटांनी दहाला हुकूम दिला, तो नऊवर गेला, लाद्या गोठवणारं मिठाचं पाणी ढवळणारा पंखा लागला. पाण्याचा पंप लागलाच नाही. तो कारखान्याच्या मागे, खाडीच्या अंगाला होता आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात तो चालतोय की नाही हे कळायची सोय नव्हती. दाब चढल्यावर डब्याला खूण गेली. डब्याने नियमाप्रमाणे दहा बंद केला. बंद पडला तो पंखा.

दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर हिराजीने पडद्यावर पाहिलं. अकरा चालू. म्हणजे पाणी आहे, असं धरून तो दुसरीकडे बिघाड शोधत राहिला. मग एक सांधा फुटून गॅस सुटला. हिराजीने आतल्या चौघांना बाहेर काढलं, ओलं फडकं तोंडाला लावलं आणि झडप बंद करायला परत आत गेला. झडप बंद झाली. त्याचा उजवा डोळा गेला.

पनवेलच्या इस्पितळात आम्ही त्याला पाहायला गेलो. डोळ्यावर पट्टी, आवाज घोगरा. सरांना पाहून तो उठायला लागला.

"सर, अकरा लागला व्हता. मी सोता बगितला. तुमच्या डब्याची चूक नाय."

सर खाटेच्या पायाशी उभे होते. "नव्हता लागला, हिराजी."

"पडद्यावं व्हता ना."

"पडद्यावर होता. पंपावर नव्हता."

हिराजीने डोळ्यावरची पट्टी चाचपली. "दहा लगेच लागला तवा मना वाटला, नवा डबा हाय, फास्ट असंल." मग म्हणाला, "मंग तो डबा खोटा बोलला?"

"डबा खोटं बोलला नाही. मी त्याला आकडा दिला होता. तार कुठली ते सांगितलं नव्हतं."

एवढंच बोलून सर बाहेर आले. मला वाटलं होतं ते आणखी काही बोलतील. हिराजीलाही वाटलं असावं, कारण तो दाराकडे बघत राहिला होता.

पुढचे काही दिवस सर गाळ्यात आले, उभ्याने जेवले, गेले. मग एका सकाळी दोन नंबरच्या टेबलावर कोणीतरी ठेवलेले कार्डांचे खोके बघून मी ते उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू दे." आणि त्यापुढे माझं नाव घेतलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा. ते त्यांना ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

"वही घे," म्हणाले. "त्या थंड देशातल्या माणसाला लिहायचंय. आणि या वेळी एक शब्दसुद्धा मऊ करायचा नाही."

मी केला नाही. सरांनी लिहिलं होतं की मी इतकी वर्षं विरोध केला, माझा विरोध चूक होता, आकड्यांविषयी तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं आणि त्याची किंमत माझ्या गिऱ्हाइकाने दिली. तरी लगेच काढू नका. माझे सतरा डबे अजून ही रचना वापरतात. त्यांना मी नव्या रचनेवर नेतो. मग माझ्या ओळी मीच काढीन, ते काम दुसऱ्या कोणाला देऊ नये. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. हवा तेवढा वेळ घ्या, असं होतं.

तार हातातून सुटण्याचा प्रश्न सरांनी अगदी साधेपणाने सोडवला. एक इवलासा प्रोग्राम लिहिला. त्याचं काम फक्त तार धरून बसणं, बाकी काहीच नाही. जो काही करतच नाही तो पडायचा कसा? हे उत्तर त्यांना पाच वर्षांपूर्वीही सुचलं असतं. तेव्हा त्यांना ते शोधायचं नव्हतं. हे त्यांनीच मला सांगितलं.

मग सर मोपेडवर एकेका कारखान्यात जाऊ लागले. नव्या रचनेत तारेला नाव लागतं आणि ते नाव सर चालवणाऱ्या माणसाला विचारत. "याला तुम्ही काय म्हणता?" माणसं आधी लाजत. मग सांगत. कोणाचा कॉम्प्रेसर 'म्हातारी' होता, कोणाचा 'भैरू'. कोनच्या शीतगृहातल्या पंख्याला सगळे 'रडका' म्हणत. सर ते तसंच्या तसं प्रोग्राममध्ये घालत. नाव घातलं की मोटरीची वीज जोडायची, एकाला प्रत्यक्ष मोटरीपाशी उभं करायचं आणि त्याने हात लावून सांगितलं की मगच पुढची तार. एकेका डब्याला अख्खा दिवस जाई. शेठ या काळात काही बोलले नाहीत. एकदा फक्त मला म्हणाले, "सरांबरोबर जात जा तू. त्यांना एकटं पाठवायला मला बरं नाही वाटत."

सोळा झाले. हिराजीचा राहिला.

हिराजी कामावर परत आला होता. आमचा डबा त्याने बंद करून त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं. मोटरी तो हाताने कळा दाबून चालवत होता. प्रत्येक वेळी आधी मागे जाऊन पंपाला हात लावून यायचा, मग कॉम्प्रेसर. दिवसातून कितीदा त्या चिखलातून, एका डोळ्याने. सर दोनदा गेले आणि दोन्हीदा हिराजी म्हणाला, "बसा, च्या घ्या. डब्याला हात नाय लावाचा." सर चहा घेऊन परत आले.

मी म्हटलं, "सर, तो तर डबा वापरतच नाही. म्हणजे तुमची रचना आता कोणीच वापरत नाही. काढायला हरकत नाही."

"त्याने सोडून दिली आणि त्याला दुसरं काही मिळालं, यांत फरक आहे," सर म्हणाले. "तो चिखल तुडवतोय तोवर काढायची नाही."

तिसऱ्या वेळी मी बरोबर होते. पायाला पिशवी बांधून सर हिराजीबरोबर पंपावर गेले. हिराजीने हात लावला, परत आले. तासाभराने पुन्हा गेले. सर तेव्हा साठीच्या पुढे होते आणि त्यांना दम लागत असे. चौथ्या खेपेला हिराजी वाटेत थांबला.

"तुमी कश्याला येताव सर? पडाल."

"तू जातोस म्हणून."

हिराजी बराच वेळ खाडीकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "लावा तुमचा डबा. पन मी पंपावं उबा रानार. मी लागला म्हनंन तवा लागला. तो पडदा सांगंल तवा नाय."

"हेच मला हवंय," सर म्हणाले.

पंपाचं नाव त्याने 'खाडीवाला' असं सांगितलं. सरांनी हुकूम दिला. पडदा उजळला तिकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. मागून हाक येईपर्यंत थांबलो. मग आली. "लागला! पानी आला!"

त्याच आठवड्यात सरांनी आपल्या ओळी काढल्या. असा बदल पाठवताना त्याबरोबर एक टिपण लिहावं लागतं, हे का करतो आहे याचं. त्या टिपणाखाली सही असते आणि बदल कोणी करून पाहिला असेल तर 'तपासणारा' म्हणून त्याचंही नाव घालायची रीत आहे. सरांनी मराठी मजकूर माझ्यासमोर ठेवला. मी भाषांतर केलं आणि या वेळी काही विचारलं नाही. त्या सभ्य गृहस्थाने तो बदल जसाच्या तसा स्वीकारला.

सर त्यानंतर थोडीच वर्षं होते. शेवटचे काही महिने खांदा कॉलनीतल्या घरातून बाहेर पडले नाहीत. ते गेल्यावर हिराजीला फोनवर सांगावंसं वाटेना, म्हणून मी कारखान्यात गेले. हिराजी मिठाच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला बसला होता. ऐकून त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. मी त्याच्या शेजारी टेकले. मग म्हटलं, "दादा, तुमचं नाव त्या कर्नलमध्ये आहे. सरांनी घातलं."

"माजा?"

मी फोनवर ते पान काढलं. त्याला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, म्हणून मराठीत वाचून दाखवलं. मूळ मराठीच होतं, मला पाठ होतं.

"ही रचना मी लिहिली होती. तारांना मी नुसते आकडे दिले आणि आकडे सरकले. पडद्यावर विश्वास ठेवून एका माणसाने पाणी आहे असं धरलं. त्याने चौघांचे प्राण वाचवले आणि त्याचा एक डोळा गेला. चूक त्याची नव्हती, माझी होती. ही रचना आता कोणी वापरत नाही. काढत आहे." खाली सरांचं नाव. त्याच्याखाली, 'तपासणारा', आणि हिराजीचं पूर्ण नाव.

हिराजी टाकीतल्या पाण्याकडे बघत होता.

"हा सगल्या दुनियेनं वाचला?"

"ज्याला वाचायचं त्याने. कायमचं राहील ते."

"आन मना कवा बोलला नाय," हिराजी म्हणाला. "एवरी वरसा च्या प्याला हितं. कवा बोलला नाय."

त्याने रुमाल गुडघ्यावर पसरला, नीट घडी घातली.

"आजून एकदा वाच गो," तो म्हणाला. "सावकास."

मी वाचलं.